गेमवर पैसे लावण्याचं ‘शहाणपण’: ऑड्स, बुकीचा वाटा, कायदा आणि सापळे

व्हॅलोरंटची फायनल असो की बीजीएमआयची लीग, लाइव्ह स्ट्रीमच्या चॅटमध्ये दोन मेसेज हमखास दिसतात. एक, ‘आज कोण जिंकणार?’ आणि दुसरा, ‘शुअर टिप हवी असेल तर टेलिग्रामला या.’ पहिला प्रश्न मजेचा आहे. दुसऱ्या मेसेजपासून पैशांचा खेळ सुरू होतो. अंधेरीच्या गेमिंग कॅफेत बसणारा असो की घाटकोपरच्या मेट्रोत उभ्याने मॅच बघणारा, ज्याला गेम चांगला कळतो त्याच्या मनात एक विचार येतोच: ‘मला टीम्स माहीत आहेत, मॅप्स माहीत आहेत, मग थोडे पैसे लावले तर काय बिघडलं?’

काय बिघडतं, ते या लेखात आकड्यांसह बघूया. एक गोष्ट आधीच सांगतो: गेम कळणं आणि भाव कळणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. बेटिंगमधला पैसा दुसऱ्या कौशल्यावर ठरतो. शिवाय आपल्याकडचा कायदा २०२५ मध्ये पूर्ण बदलला आहे, आणि तो अजून बऱ्याच जणांना नीट माहीत नाही.

## गेमवर बेटिंग म्हणजे नेमकं काय?

‘गेमवर पैसे लावणं’ या एका वाक्यात चार वेगळे प्रकार येतात.

१. ई-स्पोर्ट्स बेटिंग: दोन टीम खेळतात, तुम्ही तिसरेच. कोण जिंकेल यावर पैसे लावता. क्रिकेटच्या सट्ट्यासारखंच.

२. पैशांची फँटसी किंवा कार्ड गेम: फी भरून टीम बनवायची किंवा रमी-पोकर खेळायचं, आणि जिंकल्यास रोख बक्षीस.

३. कस्टम रूम: आयोजकाला यूपीआयने एंट्री फी द्यायची, रूम आयडी-पासवर्ड घ्यायचा, आणि किलमागे किंवा पहिल्या नंबरला पैसे मिळवायचे.

४. स्किन आणि क्रेट: गेममधल्या वस्तू डावावर लावायच्या, किंवा आत काय आहे हे माहीत नसलेला क्रेट विकत घेऊन उघडायचा.

चारही प्रकार वरून वेगळे दिसतात. आतलं गणित मात्र एकच आहे.

## ऑड्स कसे वाचायचे?

मुंबईच्या सट्ट्यात बुकी ‘भाव’ सांगतो. ॲप आणि वेबसाइटवर त्याच भावाला ऑड्स म्हणतात. दशांशातले ऑड्स समजायला सर्वांत सोपे. समजा काउंटर-स्ट्राइकच्या एका मॅचसाठी असे ऑड्स आहेत:

- टीम अ: १.६०
- टीम ब: २.२०

याचा अर्थ, ‘अ’वर १०० रुपये लावले आणि ती जिंकली, तर एकूण १६० रुपये हातात येतील, म्हणजे नफा ६० रुपये. ‘ब’ जिंकली तर त्याच १०० रुपयांचे २२० होतील. हरलात तर १०० रुपये गेले.

आता खरी युक्ती. १ ला ऑड्सने भागा, म्हणजे त्या भावात दडलेली जिंकण्याची शक्यता मिळते.

- टीम अ: १ ÷ १.६० = ६२.५ टक्के
- टीम ब: १ ÷ २.२० = ४५.५ टक्के (सुमारे)

बेरीज करून बघा. १०८ टक्के आले! दोनपैकी एकच टीम जिंकणार, मग बेरीज १०० च यायला हवी होती. हे वरचे ८ टक्के म्हणजे बुकीचा वाटा. बिलावर तो कुठेही लिहिलेला नसतो, भावातच मिसळलेला असतो.

खऱ्या शक्यता साधारण ५८ आणि ४२ धरल्या, तर कोणत्याही टीमवर लावलेल्या १०० रुपयांमागे सरासरी ९२-९३ रुपयेच परत येतात. एका मॅचमध्ये हे जाणवत नाही. पण समजा तुम्ही १,००० रुपये टाकले, आणि जे परत येईल तेच पुन्हा लावत गेलात. दहा फेऱ्यांनंतर सरासरी उरतात सुमारे ४६४ रुपये. कोणी फसवलं नाही, काही हॅक झालं नाही. नुसता वाटा दहा वेळा कापला गेला.

## हे मुंबईला नवीन नाही

हाच वाटा मुंबईने आधी मटक्यात पाहिला आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून टेलिप्रिंटरवर येणाऱ्या भावांवर मुंबईत आकडे लावले जायचे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं थांबलं. मग कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या नावांनी ओळखला जाणारा, पत्त्यांतून आकडा काढण्याचा मटका वाढला. गिरणी कामगारांच्या वस्त्यांत तो घरोघरी पोहोचला.

मटक्यात ० ते ९ मधला एक आकडा लावायचा. लागण्याची शक्यता दहात एक, आणि पारंपरिक भाव रुपयाला नऊ रुपये. दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा रुपये जातात आणि नऊ परत येतात. म्हणजे दर दहा रुपयांतला एक मटकेवाल्याचा. तेव्हा चिठ्ठी होती, आता चकाचक ॲप आहे. हिशोब बदललेला नाही.

## ‘पण माझे अंदाज बरोबर येतात’

चला, तुम्ही खरंच हुशार आहात असं धरू. दोन तुल्यबळ टीम असतील तर दोघींनाही साधारण १.९० ऑड्स मिळतात. तुम्ही १०० मॅचवर प्रत्येकी १०० रुपये लावले.

- ५० अंदाज बरोबर: ५० × ९० = ४,५०० रुपये नफा, ५० × १०० = ५,००० रुपये तोटा. निव्वळ तोटा ५०० रुपये.
- ५२ अंदाज बरोबर: ४,६८० रुपये नफा, ४,८०० रुपये तोटा. निव्वळ तोटा १२० रुपये.
- ५५ अंदाज बरोबर: ४,९५० रुपये नफा, ४,५०० रुपये तोटा. निव्वळ नफा ४५० रुपये.

मधली ओळ पुन्हा वाचा. निम्म्याहून जास्त अंदाज बरोबर, तरी पैसे गेले. बरोबरीत सुटायलाच ५२.६ टक्के अचूकता लागते.

आणि ५५ बरोबर आले तरी ती हुशारीच होती हे कसं कळणार? नाणं उडवून अंदाज सांगणाऱ्या माणसाचेही १०० पैकी ५५ किंवा जास्त अंदाज बरोबर येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के असते. वर्गातल्या ३० मुलांनी डोळे झाकून टीम निवडल्या, तरी त्यातली पाच-सहा जण ‘एक्स्पर्ट’ दिसतील. त्यांचेच स्क्रीनशॉट तुमच्या स्टेटसवर येतात. हरलेले बाकीचे गप्प बसतात.

## लोकप्रिय ‘स्ट्रॅटेजी’ आणि त्यांचा हिशोब

हरलं की दुप्पट लावा. ऐकायला पक्की वाटते: कधी ना कधी जिंकणारच, मग सगळं वसूल. आता १.९० च्या ऑड्सवर करून बघा. १०० हरलात, २०० लावले. जिंकलात तर एकूण ८० रुपये नफा. तेही हरून ४०० लावले आणि जिंकलात तर नफा ६०. पुढे ८०० वर नफा २०. आणि पाचव्या वेळी १,६०० लावून जिंकलात, तरी एकूण ६० रुपये तोटा! म्हणजे जिंकूनही हरलात. सलग सात वेळा हरलात तर १२,७०० रुपये गेलेले असतात आणि आठव्या डावाला १२,८०० लागतात. कॉलेजातल्या मुलाकडे ते कुठून येणार? इथेच मित्राकडची उधारी, लोन ॲप आणि घरातल्यांचा यूपीआय पिन सुरू होतो.

चार मॅचचा कॉम्बो लावा. चार मॅचचे अंदाज जोडले की १०० रुपयांचे १,३०० दिसतात. पण प्रत्येकी १.९० चे चार ऑड्स गुणले तर १३.०३ येतात, आणि चारही ५०-५० मॅच बरोबर येण्याची शक्यता १६ मध्ये एक. न्याय्य भाव १६ असायला हवा होता. एका मॅचवर बुकीचा वाटा ५ टक्के होता, कॉम्बोत तो साडेअठरा टक्के झाला. कॉम्बोच्या जाहिराती सर्वांत जास्त का असतात, ते आता कळलं असेल.

टिप देणाऱ्या चॅनेलला फॉलो करा. टिपवाल्याची युक्ती साधी असते. १,०२४ लोकांना मेसेज पाठवायचा, अर्ध्यांना ‘अ जिंकणार’, अर्ध्यांना ‘ब जिंकणार’. ज्यांना चुकीचा गेला त्यांना सोडून द्यायचं. पाच मॅचनंतर ३२ जण असे उरतात ज्यांनी सलग पाच अचूक टिप्स पाहिल्या आहेत. त्या ३२ जणांकडून ‘व्हीआयपी ग्रुप’ची फी मागायची. टिपवाल्याला गेममधलं काहीही कळण्याची गरज नाही.

बजेटच्या ठरावीक टक्केच लावा. यातल्या त्यात ही एक स्ट्रॅटेजी गणितावर उभी आहे. बेल लॅब्जमधल्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये एक सूत्र मांडलं. तुमची खरी शक्यता आणि मिळणारा भाव यांवरून किती पैसे लावावेत ते त्यातून निघतं. १.९० च्या ऑड्सवर तुमची खरी अचूकता ५५ टक्के असेल तर सूत्र सांगतं, एकूण रकमेच्या ५ टक्के. अचूकता ५२ टक्के असेल तर उत्तर उणे येतं, म्हणजे लावूच नका. बहुतेक लोकांसाठी सर्वांत शहाणी रक्कम शून्य आहे, आणि हे बेटिंगचंच सूत्र सांगतं.

## व्हिडिओ गेमचा अंदाज आणखी अवघड का?

क्रिकेटचे नियम रात्रीत बदलत नाहीत. गेमचे बदलतात. एक अपडेट येतो, एका बंदुकीची ताकद कमी होते, एका मॅपची अदलाबदल होते, आणि मागच्या महिन्याचे आकडे निरुपयोगी ठरतात. टीममधला एक खेळाडू ऐनवेळी बदलला तरी तेच.

मॅचच्या स्वरूपाचाही फरक पडतो. एक मॅप जिंकण्याची टीमची शक्यता ६० टक्के असेल, तर तीन मॅपच्या मालिकेत ती सुमारे ६५ टक्के होते आणि पाच मॅपच्या मालिकेत ६८ टक्के. म्हणजे चांगली टीमसुद्धा तीनात एक मालिका हरू शकते. बीजीएमआयमध्ये १६ टीम एकाच वेळी उतरतात. सगळ्या सारख्या धरल्या तर एका टीमची एक मॅच जिंकण्याची शक्यता सव्वासहा टक्के. झोन कुठे सरकेल त्यावर बलाढ्य टीमही पहिल्या पाच मिनिटांत बाहेर जाते.

लाइव्ह बेटिंगमध्ये अजून एक अडचण आहे. स्ट्रीम मुद्दाम उशिरा दाखवला जातो, म्हणजे टीम्सना एकमेकांच्या जागा कळू नयेत. तुम्ही जे ‘आत्ता’ बघता, ते आधीच घडून गेलेलं असतं. भाव ठरवणाऱ्याकडे तुमच्यापेक्षा ताजी माहिती असू शकते.

आणि मॅच फिक्सिंग? ते इथेही झालं आहे. २०१३ मध्ये डोटा २ च्या एका व्यावसायिक खेळाडूने स्वतःच्याच टीमविरुद्ध १०० डॉलर लावले होते. जिंकल्यास ३२२ डॉलर मिळणार होते. तेव्हापासून ‘३२२’ हा आकडाच गेमर्समध्ये फिक्सिंगचा समानार्थी शब्द झाला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या आयबायपॉवर या काउंटर-स्ट्राइक टीमने एक मॅच मुद्दाम हरली. स्किनच्या सट्ट्यासाठी हे झाल्याचं उघड झाल्यावर जानेवारी २०१५ मध्ये वॉल्व्ह कंपनीने संबंधित खेळाडूंवर बंदी घातली. तुम्ही रात्रभर आकडेवारीचा अभ्यास करा, समोरची टीम हरायचं ठरवूनच उतरली असेल तर काय उपयोग?

## कस्टम रूमचा हिशोब

‘मी दुसऱ्यावर लावत नाही, मी स्वतः खेळतो,’ असं कस्टम रूम खेळणारे म्हणतात. ठीक आहे, हिशोब करू. समजा सोलो रूममध्ये १०० जण आहेत आणि एंट्री ३० रुपये. जमा झाले ३,००० रुपये. पहिल्या नंबरला ५०० आणि प्रत्येक किलमागे १५ रुपये. शंभर जणांत जास्तीत जास्त ९९ किल होतील, म्हणजे १,४८५ रुपये. एकूण वाटप १,९८५. आयोजकाकडे राहिले १,०१५ रुपये, जमा रकमेच्या एक तृतीयांशाहून जास्त. मटकेवाला दहात एक घ्यायचा, हा तीनात एक घेतो.

त्यात हॅक वापरणारे किती, आयोजकाचे स्वतःचे मित्र किती, आणि मॅच संपल्यावर ग्रुप डिलीट झाला तर पैसे कोणाकडे मागायचे, हे प्रश्न वेगळेच.

## क्रेट आणि स्किन

एखादी दुर्मीळ स्किन निघण्याची शक्यता १ टक्का असेल, तर ‘शंभर क्रेट उघडले की मिळेलच’ असं वाटतं. तसं होत नाही. शंभर क्रेट उघडूनही सुमारे ३७ टक्के लोकांच्या हाती ती लागत नाही. मागचे ९९ रिकामे गेले म्हणून शंभराव्याची शक्यता वाढत नाही. गेमने ‘इतक्या क्रेटनंतर हमखास’ अशी सोय लिहून दिली असेल, तरच गोष्ट वेगळी.

स्किनच्या सट्ट्यात २०१६ मध्ये एक मोठं प्रकरण गाजलं. दोन प्रसिद्ध यूट्यूबर एका स्किन लॉटरी साइटवर जिंकण्याचे व्हिडिओ टाकत होते. नंतर कळलं की ती साइट त्यांच्याच मालकीची होती आणि प्रेक्षकांना त्यांनी ते सांगितलं नव्हतं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांच्यावर कारवाई केली. म्हणून इन्फ्लुएन्सरच्या ‘आजची कमाई’ व्हिडिओकडे बघताना एक प्रश्न विचारा: हा माणूस खेळून कमावतोय की मला खेळायला लावून?

## कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. त्यात कौशल्याच्या खेळांना सूट होती. याच आधारावर पैशांच्या फँटसी गेम उभ्या राहिल्या. मुंबईत २००८ मध्ये सुरू झालेली ड्रीम११ हे त्याचं सर्वांत मोठं उदाहरण. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्यांची फँटसी स्पर्धा कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. पुढे कंपनीचं नाव भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर झळकलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये चित्र पालटलं. संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. ऑनलाइन मनी गेममध्ये वर्षाला सुमारे ४५ कोटी लोक २०,००० कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारने तेव्हा मांडला होता. या कायद्यातले मुख्य मुद्दे:

- पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने खेळायची प्रत्येक ऑनलाइन गेम बंद. ती कौशल्याची की नशिबाची, हा फरकच काढून टाकला.
- पैशांनी विकत घेतलेली कॉइन, टोकन, क्रेडिट हीसुद्धा ‘डावावर लावलेली’ रक्कम धरली जाते.
- अशी सेवा देणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- पैशांच्या व्यवहाराला मदत करणाऱ्यालाही ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- मान्यताप्राप्त ई-स्पोर्ट्सना परवानगी. तिथे एंट्री फी आणि बक्षीस चालतं, पण त्यावर कोणीही बेट लावायची नाही.

ड्रीम११ ने लगेच पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि जर्सीवरूनही नाव गेलं. कायद्याला कोर्टात आव्हान दिलं गेलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने वेगवेगळ्या हायकोर्टांतल्या याचिका स्वतःकडे घेतल्या.

नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, असं सरकारने सांगितलं आहे. पण इथेच तरुण पोरं गाफील राहतात. ‘माझ्या रेफरल लिंकवरून जॉइन करा’ असं स्टेटस ठेवलं, तर ती जाहिरात ठरू शकते. एंट्री फी गोळा करून कस्टम रूम चालवली, तर तुम्ही खेळाडू राहत नाही, सेवा देणारे होऊ शकता.

## फोन आणि बँक अकाउंटचे धोके

आज जे बेटिंग ॲप ‘भारतात चालू आहे’ असं सांगतं, ते बहुतेक वेळा प्ले स्टोअरवर नसतं. टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवरून एपीके फाइल येते. ती टाकण्यासाठी फोनचं एक कुलूप तुम्हीच उघडता. मग ॲप एसएमएस, कॉन्टॅक्ट, गॅलरी अशा परवानग्या मागतं. एसएमएस वाचता आले की ओटीपीही वाचता येतो.

महादेव ॲपचं प्रकरण सगळ्यांनी ऐकलं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासह २२ ॲप आणि साइट ब्लॉक केल्या, आणि मुंबईत माटुंगा पोलिसांनीही गुन्हा नोंदवला. ईडीच्या म्हणण्यानुसार हे जाळं ७०-३० च्या वाटणीवर ‘पॅनेल’ देऊन चालवलं जायचं, आणि पैसे फिरवायला भरपूर बँक खाती लागायची.

ती खाती कोणाची असतात? ‘अकाउंट दे, महिन्याला कमिशन घे’ या ऑफरला हो म्हणणाऱ्या कॉलेजच्या मुलांची, डिलिव्हरी करणाऱ्यांची. खातं, एटीएम कार्ड, सिम कधीही भाड्याने देऊ नका. गुन्ह्याचे पैसे तुमच्या नावावरून फिरले की खातं गोठतं आणि पोलिसांचा पहिला फोन तुम्हालाच येतो. पासपोर्ट, नोकरी, कर्ज, सगळीकडे त्याचा त्रास होतो.

## पैसे न लावता अंदाजाची मजा

अंदाज बांधण्यात खरी मजा आहे, ती का सोडायची? हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये अंदाज तपासण्याची एक पद्धत दिली. ती मित्रांच्या ग्रुपमध्ये सहज वापरता येते.

१. मॅचच्या आधी टक्क्यांत अंदाज लिहा. उदा. ‘अ जिंकेल, ७० टक्के’, म्हणजे ०.७.
२. टीम जिंकली तर निकाल १, हरली तर ०.
३. दोन्हींतला फरक काढा आणि त्याचा वर्ग करा. अ जिंकली तर ०.३ × ०.३ = ०.०९. हरली तर ०.७ × ०.७ = ०.४९.
४. ३०-४० मॅचनंतर सरासरी काढा. जितकी कमी, तितके तुम्ही चांगले.

प्रत्येक वेळी ‘५० टक्के’ म्हणणाऱ्याची सरासरी ०.२५ येते. तुमची त्याहून जास्त आली, तर तुमच्या ‘गेम सेन्स’पेक्षा नाणं बरं! गुगल शीटवर हे दहा मिनिटांत बनतं. शेवटी जो हरेल त्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा. शक्यता, डेटा, शीट हे शिकाल ते पुढे नोकरीतही कामाला येईल.

## अडकला असाल तर

ही लक्षणं ओळखा: गेलेले पैसे परत मिळवण्यासाठीच खेळणं, रक्कम घरी लपवणं, उधारी, रात्रीची झोप उडणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन आहे. म्हणजे हा नुसता ‘वाईट सवयीचा’ प्रश्न नाही, त्यावर उपचार होतात.

- ॲप काढा, यूपीआयची ऑटोपे परवानगी तपासा आणि रद्द करा, रोजची मर्यादा कमी करा.
- घरातल्या किंवा विश्वासातल्या एकाला खरा आकडा सांगा. पूर्ण आकडा.
- एक कर्ज फेडायला दुसरं लोन ॲप घेऊ नका.
- फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी ते थांबवता येण्याची शक्यता सुरुवातीला सर्वांत जास्त असते.
- मनावर ताण असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६. मोफत आहे आणि २४ तास चालते.

## नेहमीचे प्रश्न

व्हीपीएन लावून परदेशी साइटवर खेळलं तर?
साइट दिसेल, संरक्षण मिळणार नाही. जिंकलेले पैसे अडवले तर इथे दाद मागायला जागा नाही.

मी लंडनला शिकायला आलोय, इथे तर कायदेशीर आहे?
हो, ब्रिटनमध्ये १८ वर्षांवरील व्यक्तीला परवाना असलेल्या साइटवर बेट लावता येते. पण ऑड्समधला वाटा तिथेही कापला जातो. लावायचेच असतील तर सिनेमाच्या तिकिटाइतकी रक्कम ठरवा, गेली असं समजा, प्रत्येक बेट लिहून ठेवा, हरल्यावर रक्कम वाढवू नका आणि कॉम्बोपासून लांब राहा. थांबणं जमत नसेल तर गॅमस्टॉपवर मोफत नाव नोंदवून सगळ्या परवानाधारक साइट स्वतःसाठी बंद करून घेता येतात.

मग गेमिंगमधून कमाई होतच नाही का?
होते. डिसेंबर २०२२ पासून ई-स्पोर्ट्स केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आहेत. खेळाडू, समालोचक, विश्लेषक, व्हिडिओ एडिटर, गेम टेस्टर अशी कामं आहेत. स्पर्धा तिथेही कठीण आहे, पण काम करायला तुम्हाला आधी पैसे भरावे लागत नाहीत.

## थोडक्यात

पुढच्या वेळी कोणी ‘शुअर बेट’ पाठवली, तर दोन्ही ऑड्सनी १ ला भागा आणि बेरीज करा. १०० च्या वर जितके टक्के येतील, साधारण तितका वाटा मॅच सुरू होण्याआधीच गेलेला आहे. हा हिशोब करायला मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो. आणि ज्या मित्राला गेम सर्वांत चांगला कळतो, त्याला हा लेख आधी पाठवा, कारण आपण जिंकूच असा विश्वास त्यालाच सर्वांत जास्त असतो.